सत्तावन्न खुर्च्या आणि एक शिक्का

पालघर जिल्हा परिषदेत सत्तावन्न खुर्च्या आहेत आणि सत्तावन्नही रिकाम्या आहेत. 2025 च्या सुरुवातीला सदस्यांची मुदत संपली, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाती प्रशासक म्हणून कारभार गेला आणि तेव्हापासून या जिल्ह्याची ग्रामीण जनता एका शिक्क्यावर चालवली जात आहे. सर्वसाधारण सभा म्हणजे तेच, स्थायी समिती म्हणजे तेच, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण, सगळ्या समित्या तेच! ज्याने प्रस्ताव मांडायचा त्यानेच तो मंजूर करायचा. ज्याने पैसा खर्चायचा त्यानेच त्या खर्चाला मान्यता द्यायची. अधिकारी सज्जन असतील, कामसू असतील, आमचे त्यांच्याशी भांडण नाही. पण उत्तम अधिकारीही मतदाराला जबाब द्यायला बांधलेला नसतो आणि बदलीचा हुकूम निघाला की आठवड्याभरात तो दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झालेला असतो. आमचे भांडण मुंबईत बसलेल्या त्या सत्तेशी आहे, जिला ही ओस पडलेली सभा भलतीच सोयीची वाटू लागली आहे.

जिल्हा परिषदेचे इतिवृत्त ज्याने कधी चाळले असेल त्याला ठाऊक आहे, की प्रत्येक ठरावाखाली दोन नावे असतात : सूचक आणि अनुमोदक. दिसायला किरकोळ गोष्ट. पण तिथे नाव पडले की माणूस अडकतो. पाच वर्षांनी तो मते मागायला सातपाटीच्या बंदरावर आला की जाळे विणत बसलेला म्हातारा मान वर न करता विचारू शकतो, ‘त्या ठरावाला तूच अनुमोदन दिलं होतंस ना रे?’ लोकशाही लोकशाही म्हणून आपण जिचा गजर करतो ती गावपातळीवर इतकीच असते, आणि एवढीही आज शिल्लक नाही. अंतर्गत रस्ता असो, शाळेचे छप्पर असो, आरोग्य केंद्रातल्या औषधांचा तुटवडा असो. प्रश्न विचारायला सभागृहात उभा राहील असा एकही माणूस जिल्ह्यात नाही. गावकऱ्याने अर्ज करावा, आवक क्रमांक घ्यावा आणि घरी जावे!

राज्यघटना याबाबत काय सांगते? कलम 243-ई म्हणते, पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. यात ‘शक्य असल्यास’ हे शब्द नाहीत. ‘सरकारला सवड झाल्यास’ हेही नाहीत. 2006 साली किशनसिंह तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांच्या अशाच तरतुदीविषयी बजावले, की निवडणूक वेळेत घेणे हे बंधन आहे, ते टाळायला सबबी शोधू नका. महाराष्ट्राने हे ऐकले आणि विसरूनही टाकले. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर 2022 च्या मार्चपासून प्रशासक बसले. पालघर त्या रांगेत तीन वर्षे उशिरा शिरले, एवढाच काय तो फरक.

हे दुखणे नवे नाही. 1962, 1967, 1972 अशा तीन निवडणुका वेळच्या वेळी झाल्या. मग 1979. आणि त्यानंतर थेट 1992! तेरा वर्षे या राज्याच्या सत्ताधाऱ्यांना ग्रामीण जनतेचे मत घ्यावेसे वाटले नाही. या तेरा वर्षांच्या सुरुवातीला जो मुलगा पहिलीत गेला तो पुढे मतदार झाला, तरी झेडपीचे मतदान कसे असते हे त्याला माहीत नव्हते. असल्या मनमानीला वेसण घालण्यासाठीच 73 वी घटनादुरुस्ती आली, 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग उभा राहिला. आणि आज? वेसणही आहे, आयोगही आहे, घटनाही आहे. नाही ती फक्त निवडणूक.

जुन्या काळात जरा मागे जाऊ. लॉर्ड रिपनचा ठराव 1882 चा. त्यावर 1884 मध्ये मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. आमचा हा सगळा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात. बोर्डाच्या डोक्यावर कलेक्टर. शेतसाऱ्यावर लोकल फंडाचा कर मात्र रयतेकडून आधीपासूनच वसूल होत होता. त्याच 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन, शेतकऱ्याच्या पैशातून शेतकऱ्याच्या पोराचे शिक्षण का होत नाही, असे रोखठोक विचारले होते. कर गावाचा आणि खर्चाचा हुकूम वरून, ही तक्रार इतकी जुनी आहे. साहेब गेला. त्याला घालवण्यासाठी 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, पाच जण पडले. त्यांत सातपाटीचे काशिनाथ पागधरे होते. तीन वर्षांनी 1945 मध्ये डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वेठबिगारीच्या बेड्या तोडल्या. तलवाड्यात जेठ्या गांगड गोळीला बळी पडला. असल्या मुलखाला आज ‘थांबा, तुमच्या आरक्षणाचा गुंता सुटायचा आहे’ असे सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याला त्याची लाजही वाटत नाही!

स्वराज्यात या संस्थेची घडण करताना मात्र कर्त्या माणसांनी विचार केला होता. वसंतराव नाईक समितीने जिल्हा हाच सत्तेचा मुख्य घटक मानला. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवा, असे सांगितले. कलेक्टरलाही बाहेर ठेवले. 1961 चा कायदा झाला, 1 मे 1962 पासून तो अमलात आला, आणि देशभरचे लोक महाराष्ट्राचा दाखला देऊ लागले. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, शेती, पशुसंवर्धन असे सगळे एका सभागृहाच्या हाती! लोक या संस्थेला कौतुकाने मिनी मंत्रालय म्हणू लागले. यशवंतराव चव्हाणांच्या काळातली ही उमेद होती. पुढे मंत्रालयाला हे धाकटे भावंड डोईजड होईल अशी भीती वाटू लागली, आणि सुरू झाली ती छाटणी. जिल्ह्याच्या योजनेचा पैसा नियोजन समितीकडे गेला, तिचा अध्यक्ष पालकमंत्री झाला. बोंगीरवार समिती आली, पी. बी. पाटील समिती आली, अहवाल आले, कपाटात गेले. जिल्हा परिषदेकडे राहिल्या त्या शिक्षकांच्या बदल्या आणि ठेकेदारांची बिले. मग माणसेही त्याच हिशेबाने निवडणुकीला उभी राहू लागली, यात नवल ते काय?

आणि इथे एक गोम आहे, ती वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. घटनेच्या 243-झेडडी कलमानुसार जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य हे जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. जिल्हा परिषदच रिकामी म्हटल्यावर ग्रामीण भागाची ही बाजू कोण मांडणार? टेबलाभोवती पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. एक सभागृह बंद ठेवले की दुसरेही आपोआप खिशात येते. निवडणूक लांबली म्हणून सत्तेतला कोणी रडताना तुम्ही पाहिलात का? आम्ही तरी पाहिला नाही.

आता आमच्या या जिल्हा परिषदेची कुंडली मांडू. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळे झाले, राज्याचा छत्तिसावा जिल्हा म्हणून. आठ तालुके : पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड. वसई-विरारचे महानगर आणि नगरपालिका-नगरपंचायती वगळून जे उरले ते सत्तावन्न गटांत आणि एकशे चौदा गणांत विभागले गेले. जानेवारी 2015 ला पहिली निवडणूक. भाजप 21, शिवसेना 15, बहुजन विकास आघाडी 10, माकप 5, राष्ट्रवादी 4, काँग्रेस आणि अपक्ष एकेक. कोणालाच बहुमत नाही. सुरेखा थेतले पहिल्या अध्यक्ष झाल्या, अडीच वर्षांनी विजय खरपडे. जानेवारी 2020 ला दुसरी निवडणूक : शिवसेना 18, राष्ट्रवादी 15, भाजप 10, माकप 6, बविआ 4, अपक्ष 3, काँग्रेस 1. पुन्हा कौल तुटकाच. शिवसेनेच्या भारती कामडी अध्यक्ष, मग त्याच पक्षाच्या वैदेही वाढाण, आणि मुंबईत शिवसेना फुटल्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये शिंदे गटाचे प्रकाश निकम, उपाध्यक्षपदी भाजपचे पंकज कोरे. पाच वर्षांत तीन अध्यक्ष! 2020 च्या मतदाराने ज्या भाजपविरुद्ध शिवसेनेला मत दिले, तोच भाजप त्याच मुदतीत तिच्या एका गटाच्या मांडीला मांडी लावून सत्तेत बसला, आणि या सगळ्यात मतदाराला कोणी एका शब्दाने विचारले नाही. मुंबईत सरकार पडले की पालघरात खुर्च्या हलतात. मग या सभेचे स्वतःचे राजकारण ते कोणते? सूर्या प्रकल्पाचे पाणी की शाळेतला शिक्षक? यांतल्या एकाही प्रश्नावर इथली सत्ता कधी आली किंवा गेली नाही.

नाव घेऊन आरोप करण्याजोगे पुरावे हाती नसताना आम्ही कोणावर चिखल उडवणार नाही. पण सभापतिपदांच्या वाटणीसाठी बैठकांवर बैठका, सदस्यांना सहलीला नेणे, बांधकाम समिती कोणाच्या पदरात पडते यावर रुसवेफुगवे, हा खेळ महाराष्ट्रातल्या कुठल्या जिल्ह्याने पाहिला नाही? लोकप्रतिनिधींनीच सभागृहाची किंमत टक्केवारीत मोजली म्हणून तर ते सभागृह बंद पडल्यावर रस्त्यावर एक माणूस उतरला नाही. प्रशासकाची राजवट आली आणि लोक म्हणाले, ‘बरं झालं, निदान भांडणं तरी बंद!’ हे वाक्य आम्ही बोईसरला ऐकले, पालघरला ऐकले, सातपाटीला ऐकले. हे बोलणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे, की भांडण बंद झाले आहे ते तुमच्या बाजूने भांडायला कोणी उरले नाही म्हणून.

आता त्या गुंत्याकडे येऊ, ज्याचे नाव पुढे करून ही निवडणूक अडवली गेली आहे. या सत्तावन्नपैकी 37 जागा अनुसूचित जमातींच्या, एक अनुसूचित जातीची, 15 इतर मागासवर्गाच्या आणि उरल्या त्या चार खुल्या, अशी 2020 ची विभागणी. आदिवासींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येने दिलेल्या, त्यांना हात लावण्याचा विचारही कोणी करू नये. प्रश्न आला तो उरलेल्या पंधरांचा. 2010 साली कृष्णमूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की राजकीय आरक्षणासाठी मागासलेपणाची स्वतंत्र, आकडेवारीनिशी पाहणी करा आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत ठेवा. अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींचा अपवाद वेगळा. सांगून झाले 2010 ला. महाराष्ट्राने आकडे गोळा केले का? काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार झोपले. भाजप-शिवसेनेचे सरकार झोपले. महाविकास आघाडीही घोरत पडली. अकरा वर्षांनी, 4 मार्च 2021 रोजी, न्यायालयाने फटका मारला तेव्हा पालघरच्या पंधरा सदस्यांना एका दिवसात घरी जावे लागले. मतदाराने निवडून दिलेली पंधरा माणसे! गुन्हा त्यांचा नव्हता, मतदाराचा नव्हता. कोविडमुळे रखडलेली पोटनिवडणूक 5 ऑक्टोबर 2021 ला झाली : भाजप 5, शिवसेना 5, राष्ट्रवादी 4, माकप 1. आणि झोपलेल्यांपैकी कोणाला काय शिक्षा झाली? ते सगळे एकमेकांवर बोटे दाखवत पुढच्या प्रचाराला लागले.

या पंधरा जागांत सातपाटीचा जीव अडकला आहे. आमचा मांगेला, वैती हा किनाऱ्यावरचा मासेमार. तो अनुसूचित जमातीच्या यादीत नाही. त्याला जिल्हा परिषदेत पोहोचण्याची वाट ही मागासवर्गाच्या किंवा खुल्या जागेतूनच जाते. म्हणून काही पुढारी हळूच त्याच्या कानाला लागतात : ‘तुझी जागा आदिवासीने खाल्ली.’ हे विष आहे! कुपोषणाने पोरे गमावणाऱ्या जव्हार-मोखाड्याने सातपाटीच्या कोळ्याचे काय खाल्ले? 1992 मध्ये वावर-वांगणीची बालके मेली तेव्हा सारा देश हळहळला, आणि त्यानंतरही तिथला मोर्चा आरोग्यसेविकेच्या रिकाम्या जागेसाठीच निघतो. डोंगर आणि किनारा यांना एकमेकांच्या अंगावर घालून मधल्या मध्ये सत्ता भोगणारे कोण, ते ओळखा.

2022 च्या जुलैत इतर मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणाविषयीचा बांठिया आयोगाचा अहवाल आला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या अहवालापूर्वीच्या स्थितीप्रमाणे आरक्षण धरून चार महिन्यांत निवडणुका लावा, असा आदेश दिला. चार महिने गेले, मुदतवाढ मागितली गेली, पुन्हा 50 टक्क्यांची मर्यादा आडवी आली; इथे तर 37 आदिवासी जागांनीच ती ओलांडलेली. जानेवारी 2026 मध्ये बारा जिल्हा परिषदांचा कार्यक्रम जाहीर झाला. यादीत पालघर नव्हते. जिथे आदिवासी सर्वांत जास्त, तिथेच मतदान सर्वांत शेवटी! आदिवासींना घटनेने दिलेले संरक्षणच त्यांची निवडणूक रोखण्याचे कारण ठरावे, याहून मोठी थट्टा ती कोणती?

आणि रिकामी सभा असताना या जिल्ह्यात घडते आहे ते काही थोडेथोडके नाही. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, 76 हजार कोटींचा प्रकल्प. वाढवण-वरोरच्या ग्रामसभांचे विरोधाचे ठराव कुठल्या टोपलीत गेले ते त्यांनाच माहीत. मुरब्याला आणखी एका बंदराचा घाट घातला आहे, सातपाटीच्या अगदी समोर, खाडीपलीकडे. सूर्या प्रकल्प बांधला तो डहाणू-पालघर-विक्रमगडच्या शेतीसाठी. त्यातले रोज 403 दशलक्ष लिटर पाणी मीरा-भाईंदर आणि वसई-विरारला न्यायची योजना झाली. शहरांनी तहानेने मरावे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्या शिवारातून ही नळवाहिनी जाते त्यांच्या निवडलेल्या सभेचे यात मत काय? तारापूरचे कारखाने, नवापूरच्या समुद्रात सोडलेले त्यांचे सांडपाणी! त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले, आणि जानेवारी 2022 मध्ये शंभराहून अधिक उद्योगांवर दंड बसला. हा लढा कोर्टात लढावा लागला तो मासेमारांच्या संघटनेला. जिल्ह्याच्या आरोग्याची जबाबदारी ज्या सभेवर, तिने यासाठी काय केले, हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे देता येतील असे 29 विषय आहेत. पाचवा विषय मत्स्यव्यवसाय. पाचवा! तेहेतीस वर्षे झाली. जिल्हा परिषदेत पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची समिती आहे, कृषीची आहे, मासेमारीची नाही. 2023 साली पापलेटाला राज्यमासा केले, छायाचित्रे निघाली, सातपाटीचे नाव सगळीकडे गाजले. त्या पापलेटाची पिल्ले किती बारीक आसाच्या जाळ्यात मारायची नाहीत, धूपप्रतिबंधक बंधारा कुठे खचला, मासे वाळवायच्या वलांड्यांची जागा कोणाच्या नावावर, बर्फाचा खर्च का परवडत नाही, यांपैकी एकाही गोष्टीवर सातपाटीच्या माणसाला बोलायला जिल्ह्यात अधिकृत जागा नाही. मत्स्य आयुक्त मुंबईत, मेरीटाइम बोर्ड मुंबईत, मंत्री मुंबईत. बंदर सातपाटीत!

डोंगराकडे पाहा. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या शिक्षक, आरोग्यसेवक, ग्रामसेवक अशा 17 संवर्गांची भरती कोर्टात अडकली. तोवर शाळा चालवायला निवृत्त गुरुजींना वीस हजार मानधनावर बोलवायची वेळ आली. कोळगावला सिडकोने बांधलेली जिल्हा परिषदेची देखणी इमारत 19 ऑगस्ट 2021 ला सुरू झाली, प्रशस्त आहे, बागा आहेत. तिथून मोखाड्याच्या शेवटच्या पाड्यावरची एकशिक्षकी शाळा दिसत नाही. ती दिसायची तर त्या पाड्यावरून निवडून आलेला माणूस सभेत उभा राहून ओरडावा लागतो.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत आणि त्यांत आम्ही कोणाची मनधरणी करणार नाही. राज्य सरकारने न्यायालयात तारखांमागून तारखा घेणे बंद करावे आणि 37 आदिवासी जागांना धक्का न लावता, आज कायदा आहे त्या मर्यादेत पालघरची निवडणूक घ्यायला आपली तयारी असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे. 2021 ची पोटनिवडणूक तशीच झाली होती, आभाळ कोसळले नाही. पंधरा जागा खुल्या राहिल्या तर ज्या पक्षांना मागासवर्गीयांचा एवढा कळवळा आहे त्यांनी त्या सगळ्या जागांवर मासेमार, कुणबी, आगरी उमेदवार द्यावेत; उमेदवारी द्यायला न्यायालयाची परवानगी लागत नाही. ज्यांना 50 टक्क्यांची मर्यादा अन्यायाची वाटते त्यांचे खासदार दिल्लीत आहेत. त्यांनी संसदेत घटनादुरुस्तीचे विधेयक मांडावे, पालघरच्या मतपेटीवर बसून राहू नये. निवडून येणाऱ्या सभेने पहिल्याच बैठकीत मत्स्यव्यवसाय समितीची मागणी करणारा ठराव करावा. आणि तोपर्यंत प्रशासकांनी आपला प्रत्येक निर्णय, रकमेसह, मराठीत, दर महिन्याला प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

सातपाटीकरांना, बोईसरकरांना, आणि तलासरीपासून मोखाड्यापर्यंतच्या प्रत्येक गावाला एक सांगणे आहे. ग्रामसभा घ्यायला कोणाच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. येत्या ग्रामसभेत एकच विषय ठेवा : आमच्या जिल्हा परिषदेची निवडणूक कधी? ठराव लिहा, खाली सूचकाचे नाव घाला, अनुमोदकाचे घाला, आणि त्याची प्रत राज्य निवडणूक आयोगाला, ग्रामविकास मंत्र्यांना आणि तुमच्या आमदाराला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा. आमदार मते मागायला येतील तेव्हा ती त्यांच्यापुढे धरता येईल.